खांबेट्यांनी दिलेली शांततेची हमी

मोरेश्वर खांबेटे यांना मी चाळीस वर्षं ओळखते, आणि त्यांतली निदान पस्तीस त्यांच्यावर चिडण्यात गेली. उरलेली पाच त्यांची बदली बिकानेरला झाली होती.

आमचे हे आणि खांबेटे एकाच विमा कंपनीत. दोघांनाही महाराष्ट्रातून उचलून जयपूरला टाकलेलं. सी-स्कीममधल्या ऑफिसात टेबलं शेजारी, शास्त्री नगरात घरं समोरासमोर. हे गेले त्याला अकरा वर्षं झाली, पण खांबेटे मला अजून 'वहिनी' म्हणतात, मी त्यांना 'भाऊजी', आणि आमची भांडणं अजून गल्लीच्या दोन टोकांवरून चालतात. त्यांची बायको रमा माझी मैत्रीण. तिच्याबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. जिनं खांबेट्यांशी एकोणपन्नास वर्षं संसार केला तिला तेवढी तरी सूट मिळायला हवी.

माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं गेलं असतं. हा माणूस बरोबर असतो, नियमानं वागतो, आणि स्वतःची खात्री पटली की दुसऱ्याचं काही ऐकत नाही. त्यांची खात्री दोन गोष्टींवर: ऑफिसचं परिपत्रक आणि मराठी कॅलेंडर. परिपत्रकं निवृत्तीनंतर बंद झाली, कॅलेंडर राहिलं. ते दर डिसेंबरात कऱ्हाडहून त्यांचे धाकटे बंधू भीमराव पोस्टानं पाठवतात, कारण जयपूरला मराठी कॅलेंडर मिळत नाही असा खांबेट्यांचा समज आहे. मिळतं. मी दुकान दाखवलं आहे. "तिथलं खरं कशावरून?" म्हणाले.

आता उत्तरेत महिना पौर्णिमेनंतर बदलतो आणि आपल्याकडे अमावस्येनंतर, हे शाळकरी पोरालाही समजावता येतं. पण शेजारच्या शर्माजींनी गोकुळाष्टमीला भादवा म्हटलं की खांबेटे गच्चीवरून सांगणार, "आपका महीना गलत है. अभी श्रावण है." चाळीस वर्षं. शर्माजी आता नुसते हात जोडतात.

त्यांच्या नातीचं नाव ईश्वरी. मुलगा संकेत आणि सून अनुया यांची मुलगी, जन्म इथला, मराठी तुटकं, दर वाक्यात एक 'मतलब'. अकराव्या वर्षी शाळेच्या बँडमध्ये तिच्या हातात क्लॅरिनेट आली. खांबेटे आमच्याकडे आले ते तोंड पाडून.

"वहिनी, ते वरातीत वाजवतात ते वाद्य आहे."

"बँडमध्ये वाजवतात."

"तेच ते."

पण पोरगी हट्टी निघाली, कोणावर गेली ते सांगायला नको. शाळा झाली, मग चेन्नईला संगीताचं कॉलेज, आणि गेल्या वर्षी एका आंतरराष्ट्रीय युवा वाद्यवृंदात निवड. बावीस देशांची चौऱ्याऐंशी मुलं, सतरा ते चोवीस वयाची. वर्षातून दोन महिने एकत्र येतात, गावोगाव सिंफनी वाजवतात आणि त्यांचं ध्वनिमुद्रण करतात. त्या दौऱ्यात दिल्ली, जयपूर, मग सिंगापूर. वाद्यवृंदाचा एक रिवाज फार चांगला आहे: ज्या गावी मुक्काम, त्या गावचं मूल आपल्या वाद्याच्या पहिल्या खुर्चीवर बसतं. क्लॅरिनेटची पहिली खुर्ची एरवी एका पोर्तुगीज मुलाची. जयपूरला ती ईश्वरीची.

त्या सिंफनीचा तिसरा भाग संथ आहे, चौदा मिनिटांचा, आणि त्याच्या सुरुवातीलाच क्लॅरिनेट जवळजवळ एकटी वाजते. बाकीचे ऐंशी जण खाली इतकं हळू वाजवतात की श्वास ऐकू यावा. हा भाग जयपुरात मुद्रित करायचा ठरला तो ईश्वरीसाठीच. इथे झाला नाही तर सिंगापूरला, आणि तिथे पहिल्या खुर्चीवर पोर्तुगीज. म्हणजे रेकॉर्डवर कोण वाजणार ते त्या एका दुपारवर होतं.

जागा निवडली त्यांची ध्वनिमुद्रक इंगा हिनं. डेन्मार्कची, उंच, कमी बोलणारी, मला एकदम आवडली. सीकर रोडवरच्या एका जुन्या शाळेचा दगडी हॉल तिनं टाळ्या वाजवत पालथा घातला आणि म्हणाली, हाच. मग चार पानांचा फॉर्म काढला. स्थानिक समितीनं लेखी द्यायचं होतं, की अमुक तारखेला दुपारी दोन ते सहा बाहेर गोंगाट होणार नाही. स्थानिक समिती म्हणजे आमचं महाराष्ट्र मंडळ. मंडळाची सचिव मी. पण फॉर्म दिसला की खांबेट्यांचा हात आपोआप पुढे येतो.

घरी नेला. कॅलेंडर पाहिलं. त्या तारखेला कार्तिकी एकादशी. उपवासाचा दिवस, तुळशीची लग्नं दुसऱ्या दिवसापासून, माणसांची त्यानंतर, विवाहमुहूर्ताच्या यादीत ती तारीख नाही. खांबेट्यांनी सुवाच्य इंग्रजीत लिहिलं: 'सदर दिवस धार्मिक उपवासाचा असल्याने कोणतेही समारंभ संभवत नाहीत.' खाली सही. त्याखाली माझी. चार पानं होती, मी शेवटचं पाहिलं. माझी चूक. पुढे.

चार दिवस राहिले असताना आमच्या दोन्ही घरी कामाला येणारी द्वारका भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाईजी, ग्यारस को नहीं आऊँगी. तीन शादियाँ हैं."

"एकाच दिवशी तीन?"

"तीन तो मेरे घर की हैं. उस दिन तो पूरा जयपुर ब्याह करता है. अबूझ सावा है ना!"

 देवउठनी ग्यारस, म्हणजे हीच एकादशी. इथल्या लोकांचा देव त्या दिवशी झोपेतून उठतो, आणि उठला रे उठला की मुहूर्त न विचारता कोणीही लग्न लावावं, तोच अबूझ सावा. वर्षातला सगळ्यात मोठा लग्नाचा दिवस. मला हे चाळीस वर्षं माहीत आहे. फक्त फॉर्मवरची इंग्रजी तारीख आणि ही तिथी डोक्यात जुळली नव्हती. आणि खांबेट्यांना का माहीत नव्हतं? कारण दर वर्षी दिवाळीला ते कऱ्हाडला जातात आणि तुळशीचं लग्न लावूनच परततात. जयपूरची ती एकादशी त्यांनी उभ्या जन्मात पाहिलीच नव्हती. त्या वर्षी प्रथमच गेले नाहीत. नातीसाठी.

मी तशीच समोर गेले.

"भाऊजी, तुमच्या उपवासाच्या दिवशी सीकर रोडवर किती वराती आहेत, कल्पना आहे?"

"एकादशीला?" त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकादशीला कोण लग्न लावतं?"

"अख्खं जयपूर लावतं."

"अशास्त्रीय आहे."

"मग बाहेर जाऊन वरातीला सांगा, तुम्ही अशास्त्रीय आहात म्हणून!"

रमा स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, सही करण्याआधी एकदा द्वारकेला विचारलं असतं तर?"  खांबेट्यांनी उठून कॅलेंडरचं पान पुन्हा पाहिलं, जणू तेवढ्यात तिथे काही छापून आलं असेल.

तारीख बदलणं शक्य नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे मुलांचं विमान. जागा बदलणंही नाही. इंगानं दोन दिवस खपून मायक्रोफोन टांगले होते. शाळेच्या समोरच एक मॅरेज गार्डन. तिथला मॅनेजर नीरज, तरुण, नम्र, कानाला सतत फोन. तो म्हणाला, गार्डनमधला डीजे सहाच्या आत लागणार नाही, ते माझ्याकडे. पण बारात चौमूंहून येतेय, पाचच्या सुमारास, बँड आणि घोडीसकट. "बारात हमारे हाथ में नहीं है, अंकल. बारात किसी के हाथ में नहीं होती."

"म्हणजे पाचच्या आत संपवायचं," खांबेटे म्हणाले. इंगाला त्यांनी स्वतः जाऊन खरं काय ते सांगितलं, हे त्यांच्या बाजूनं नोंदवते. तिनं फॉर्मकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं, आणि म्हणाली, ठीक, दोनला सुरू करू.

दोनला सुरू झालं नाही. हॉलमध्ये कुठेतरी बारीक गुणगुण होती. ट्यूबलाइट काढल्या, पंख्यांची बटणं बंद केली, दीड तास गेला. शेवटी सापडलं की गुणगुणत होता व्हरांड्यातला पाण्याचा कूलर. तो बंद करायला सुचलं शाळेच्या शिपायाला. बावीस देशांपैकी कोणाला नाही. मग दोनदा वाजवलं. पहिल्यांदा कोणाची खुर्ची करकरली, दुसऱ्यांदा मधेच शिंक. आणि चार चाळीसला सगळी मुलं उठून बाहेर आली. का? तर नियम असा की दर अमुक वेळानं वादकांना वीस मिनिटं विश्रांती. मी इंगाला म्हटलं, बाई, आज नियम राहू दे. ती म्हणाली, नियम आहे. खांबेट्यांनी मान डोलावली. त्यांना ते पटलं! माझं तर डोकंच उठलं.

मुलं चहा पीत उभी. ईश्वरी भिंतीला टेकून क्लॅरिनेटच्या तोंडाची वेताची पट्टी जिभेवर ओली करत होती.  पाचला सगळे आत गेले. आत बाहेरच्या दोनच माणसांना परवानगी होती, मागच्या दोन खुर्च्या: खांबेटे आणि रमा. मी फाटकावर पहारेकरी. मुद्रण चालू असलं की हॉलच्या दारावर लाल दिवा लागायचा. तो लागायच्या आत लांबून ढोल ऐकू आला.

दार उघडलं आणि खांबेटे बाहेर आले. धोतर-कोट, हातात तीच हमीची प्रत. जिन्यावरून उतरले आणि माझ्याकडे न बघता रस्त्यानं चालू लागले. पंच्याहत्तर वर्षांचा माणूस, सकाळपासून पोटात चार साबुदाणे. मी मागे.

वरात दोनशे पावलांवर होती. पुढे लाल डगलेवाला बँड, मागे नाचणारी पोरं, घोडीवर नवरदेव. बँडमास्तरनं खांबेट्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, पण हात थांबवला नाही.

"पंद्रह मिनट? साब, आज तो फूफाजी बोलें तो ही रुकें. सुबह से वैसे ही मुँह फुलाए हैं. हम बीच में नहीं पड़ते."

फूफाजी म्हणजे नवरदेवाच्या आत्याचे यजमान. इकडच्या लग्नात हा माणूस रुसतोच. न रुसला तर आपलं काही चुकलं का म्हणून घरचे काळजीत पडतात. हे फूफाजी वरातीच्या चार पावलं मागे, हाताची घडी घालून चालले होते. सगळ्या वऱ्हाडाच्या डोक्याला गुलाबी, नागमोडी पट्ट्यांच्या लहरियाचे साफे, एकट्या यांना पिवळा.

मला वाटलं आता खांबेटे मुहूर्तशास्त्र काढणार. मी देवाचं नाव घेतलं. पण ते त्यांच्यासमोर उभे राहिले आणि खिशातून पेन काढलं.

"नमस्कार. आपका क्या शिकायत है?"

हिंदी त्यांचं चाळीस वर्षांत सुधारलेलं नाही. फूफाजींनी त्यांना खालून वर पाहिलं. "आप कौन?"

"मैं लिख लेता हूँ. शुरू से बोलिए."

क्लेम विभागात बत्तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. निकाल काय लागायचा तो लागो, समोर आलेल्या माणसाला खुर्ची द्यायची आणि त्याचं सगळं म्हणणं उतरवून घ्यायचं. आमचे हे म्हणायचे, अर्धे लोक तेवढ्यानंच घरी जातात.

फूफाजींनी एक हात वर केला. बँड थांबला. नाचणारी पोरं थांबली. फूफाजी रस्त्याकडेच्या एका स्कूटरवर बसले आणि म्हणाले, "तो लिखिए."

मी इंगाच्या फोनवर एकच शब्द पाठवला: आत्ता. मागे वळून पाहिलं. लाल दिवा लागला.

मुद्दा पहिला, साफा. गुलाबी कमी पडला तर पिवळा फूफाजींनाच का? खांबेट्यांनी हमीच्या कोऱ्या पाठीवर लिहिलं. "कितने बजे बाँधा? किसने बाँधा? उस समय कौन हाजिर था?" मुद्दा दुसरा, चौमूंला चहा दिला तो गार. मुद्दा तिसरा निघाला सव्वीस वर्षांपूर्वीच्या लग्नातला, त्यात फूफाजींना फोटोत बोलावलं नव्हतं. वऱ्हाडातली वडील माणसं गोळा झाली. कोणी म्हणालं बोलावलं होतं, कोणी म्हणालं हेच गेले नाहीत. खांबेटे शांतपणे दोन्ही बाजू लिहीत होते. एका ढोलवाल्यानं कंटाळून काठी टेकवली, एकच ठोका पडला. खांबेट्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ढोल गळ्यातून उतरवला.

आठ मिनिटं झाली असतील, आणि नवरदेवाचे वडील घाईघाईनं पुढे आले. स्वतःचा गुलाबी साफा काढून फूफाजींच्या डोक्यावर ठेवू लागले. फूफाजींचा चेहरा उजळला.  हे आता मिटणार!

"एक मिनट," खांबेटे म्हणाले. "अभी पूरा नहीं हुआ है. पढ़के सुनाता हूँ."

आणि त्यांनी वाचलं. अक्षर न् अक्षर. सरकारी सुरात, अल्पविरामाला थांबत. फूफाजींनी दोन दुरुस्त्या सुचवल्या, त्या केल्या. मग सही. मग तारीख. मग तो कागद नवरदेवाच्या वडिलांच्या हाती देऊन पोच म्हणून त्यांची सही. वडील बिचारे बोडक्या डोक्यानं सही करत होते, घोडी कंटाळून माझ्या पदराला तोंड लावत होती, आणि माझे डोळे त्या दिव्यावर. कधी नव्हे ते खांबेट्यांनी अजून हळू वाचावं असं मला वाटत होतं.

दिवा विझला.

मी मान हलवली. खांबेट्यांनी पेनचं टोपण लावलं आणि फूफाजींना म्हणाले, "आपका कहना ठीक है." फूफाजी गुलाबी साफ्यात उठले, बँड दणाणला, आणि त्यांनी खांबेट्यांचा दंड धरला. "आओ भाईसाब, नाचो!"

"नहीं नहीं. मेरा उपवास है," खांबेटे म्हणाले.

परत आलो तर इंगा पायऱ्यांवर. एक चांगलं मिळालं, म्हणाली. अजून एक हवं होतं. पण समोर वरात फाटकाशी पोचली होती आणि गार्डनमधला डीजे घसा साफ करू लागला होता. तिनं खांदे उडवले आणि वायरी गुंडाळायला गेली.

ईश्वरी आली ती फणफणत.

"आजोबा, मतलब तुम्ही उठून गेलात? बरोबर माझ्या टाइमलाच? मी वर बघितलं तर चेअर खाली, मतलब रिकामी!"

"बाहेर काम होतं."

"काय काम? आज्जी बसली होती ना? तुम्हाला नाही बसता येत पंधरा मिनट?"

मी तोंड उघडलं, तर खांबेट्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे पोरीला त्या संध्याकाळी कळता कामा नये की तिचं सगळं त्यांच्या एका सहीपायी वाऱ्यावर गेलं होतं. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवशी ती सिंगापूरला उतरल्यावर फोन करून सगळं सांगितलं. असलं पोटात ठेवायची मला सवय नाही.  ती म्हणाली, "मावशीआजी, ते पूर्ण वाचून दाखवलं त्यांनी? मतलब, फूफाजींना?" आणि हसत सुटली.

रेकॉर्ड आली जुलैत. ईश्वरी चेन्नईला. संकेतनं खालच्या खोलीत स्पीकर लावला, अनुयानं मला हाक मारली, रमानं गॅस बंद केला. तिसरा भाग सुरू झाला. मला पाश्चात्त्य संगीतातलं काही कळत नाही, आणि कळतं असं मी दाखवणार नाही. पण ती पोर असं वाजवत होती की मला खिडकीकडे तोंड करून बसावं लागलं. खांबेटे खुर्चीच्या कडेवर, पुढे झुकून, डोळे बारीक, जबडा आवळलेला. चौदा मिनिटं हलले नाहीत. मला वाटलं, चला, चाळीस वर्षांत या माणसाच्या आत एकदा तरी काही हललं.

संपलं. त्यांनी सुस्कारा सोडला. फोनवर ईश्वरी होतीच.

"कसं वाटलं, आजोबा?"

"स्वच्छ आहे," खांबेटे म्हणाले. "ढोल कुठेही आलेला नाही. दोनदा शंका आली, पण तो आतलाच काहीतरी आवाज आहे."

"ते टिंपनी आहे, आमचाच ड्रम! आजोबा, मी कशी वाजवली?"

खांबेटे गोंधळले. रमाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलता येत नाही हा या माणसाचा आणखी एक उपद्रव.

"ते ऐकायचं राहिलं," ते म्हणाले.

मी कपाळाला हात लावला. "अहो भाऊजी, पोरगी चौदा मिनिटं वाजवतेय, आणि तुम्ही ढोल शोधत होतात?"

"आधी ते बघायला नको?" ते माझ्यावरच खेकसले. मग फोन कानाशी धरून म्हणाले, "ईश्वरी, ठेवू नकोस फोन. थांब तिथेच." आणि संकेतला म्हणाले, "परत लाव. पहिल्यापासून."